जुन्या बायबलासाठी ४९९ रुपये पाठवू नका

पत्र: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात राहते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे आबाजी ८३ वर्षांचे. तरुणपणी सायकलवर गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगायचे. त्यांच्याजवळ त्यांच्या वडिलांचं मराठी बायबल आहे. त्याची सुरुवातीची पानं गेलीत, कडा वाळवीनं खाल्ल्यात आणि स्तोत्रांची बरीच पानं गळालीत. चर्चच्या मंडळीनं नवं बायबल दिलं, पण आबाजी म्हणतात, "हे माह्या कानाले लागत नाही, माय. जुनंच पाहून दे." मोबाइलवर शोधलं, काही हाती लागलं नाही. मध्येच काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'जगातलं सर्वांत जुनं, खरं बायबल, आजवर लपवून ठेवलेलं, पीडीएफ फक्त ४९९ रुपयांत.' काका पैसे पाठवायला निघाले होते, मी थांबवलं. बाबांचं म्हणणं, असलं काही आबाजींना दाखवूच नको, या वयात त्यांच्या मनात शंका येतील. अशी जुनी बायबलं फुकट बघायला मिळतात का? ते कायद्यात बसतं का? आमच्याकडे नेटवर्क गच्चीवरच येतं, तेही धड नाही. – एक नात

प्रिय नातीस,

काकांना थांबवलंस ते फार चांगलं केलंस. पैसे तर पाठवू नकाच, पण त्या मेसेजमधला क्यूआर कोडही स्कॅन करू नका. पीडीएफच्या नावाखाली एखादं अ‍ॅप उतरवायला सांगत असतील तर त्याला हातही लावू नका. ज्या वस्तूचे हे लोक ४९९ रुपये मागताहेत, ती जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी स्वतः फोटो काढून सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहे. तिथे तिकीट नाही आणि ओळखपत्रही लागत नाही. लंडनच्या प्राध्यापकाला जे पान दिसतं तेच पान तुला तुझ्या गच्चीवर दिसेल, फक्त उघडायला थोडा जास्त वेळ लागेल.

आधी त्या 'खऱ्या बायबला'चं बघू, म्हणजे काकांचं समाधान होईल. लेखकाच्या हातची मूळ प्रत बायबलातल्या कुठल्याच पुस्तकाची आज उरलेली नाही. जे उरलं आहे ते नकला, नकलांच्या नकला, आणि त्यांतही बरेचसे तुकडे. त्यामुळे 'मूळ बायबल सापडलं' असा मेसेज आला की तो तिथेच खोटा ठरतो. लपवण्याबद्दल म्हणशील, तर सर्वांत जुन्या प्रती कुठे आहेत, कोणाकडे आहेत, त्यांत काय आहे, हे सगळं कित्येक वर्षांपासून जाहीर आहे.

त्यातलं पहिलं नाव लिहून घे: कोडेक्स सिनायटिकस. कोडेक्स म्हणजे पानं बांधून केलेलं हस्तलिखित पुस्तक. इसवी सनाच्या चौथ्या शतकात, कातड्याच्या पानांवर, ग्रीक भाषेत हातानं लिहिलेलं बायबल. संपूर्ण नवा करार ज्यात शाबूत आहे अशी ही सर्वांत जुनी प्रत. इजिप्तमधल्या सिनाय डोंगराच्या पायथ्याशी सेंट कॅथरिनचा मठ आहे, तिथे ती शतकानुशतकं होती. १८४४ मध्ये टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन अभ्यासक तिथे गेला आणि ४३ पानं घेऊन आला. पुढे १८५९ मध्ये मोठा भाग रशियाच्या झारकडे गेला. मठाचं म्हणणं असं की ती पानं परत देण्याच्या बोलीवर दिली होती. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारनं आपल्याकडचा बहुतेक भाग ब्रिटनला एक लाख पौंडांना विकला, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम तिथल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून जमवली. १९७५ मध्ये मठातच एका बंद खोलीत आणखी काही पानं मिळाली. अशा या एका पुस्तकाची पानं आज चार ठिकाणी आहेत: लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि तो मठ. या चौघांचं मालकीवरून पूर्ण जमत नाही, पण २००९ मध्ये त्यांनी मिळून सगळी पानं एका संकेतस्थळावर एकत्र ठेवली. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. प्रत्यक्षात जे पुस्तक पुन्हा एकत्र येणं कठीण, त्याची उरलेली पानं पडद्यावर एकत्र बघायला मिळतात.

गूगलवर 'कोडेक्स सिनायटिकस' एवढं बोललीस तरी ते संकेतस्थळ वर येईल. शेवटी 'डॉट ऑर्ग' आहे ना, ते बघून घे. आत गेलीस की वर पुस्तक, अध्याय आणि वचन निवडायची सोय आहे. योहान निवड, पहिला अध्याय निवड. एका बाजूला पान दिसेल आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर छापील ग्रीक अक्षरांत. छापील शब्दावर बोट ठेवलं की हस्तलिखितात तो शब्द नेमका कुठे आहे ते उजळून दिसतं. पान मोठं करून बघ. चार अरुंद स्तंभ, दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही, आणि समासात, ओळींच्या वर, नंतरच्या लोकांनी केलेल्या दुरुस्त्या. अशा हजारो दुरुस्त्या या प्रतीत आहेत. तिथेच प्रकाशाची बाजू बदलायचं बटण आहे. प्रकाश तिरपा केला की कातड्याचा पोत आणि ओळी सरळ याव्यात म्हणून आखलेल्या रेघा उठून दिसतात. ग्रीक येत नसलं तरी एवढं बघण्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही.

याच्याच तोडीचं दुसरं पुस्तक म्हणजे कोडेक्स व्हॅटिकॅनस. तेही चौथ्या शतकातलं, रोममध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. त्या ग्रंथालयाच्या डिजिटल विभागात ग्रीक हस्तलिखितांत १२०९ हा क्रमांक शोधायचा. लपवून ठेवल्याची बोंब जिच्याबद्दल सर्वांत जास्त मारली जाते तीच ही जागा, आणि तिथलं हे पुस्तक पानापानानं उघडं आहे. काकांना एवढं एक दाखवलंस तरी पुरे.

याहून मागे जायचं तर मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत मिळालेल्या गुंडाळ्या आहेत. १९४७ मध्ये एका मेंढपाळाला पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यातली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी ख्रिस्तजन्माच्याही शंभरेक वर्षं आधीची, ७.३४ मीटर लांब, आणि यशयाचे सगळे ६६ अध्याय तिच्यात आहेत. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमनं २०११ मध्ये ती संकेतस्थळावर ठेवली. उजवीकडून डावीकडे बोट सरकवत ती अख्खी उलगडता येते आणि इंग्रजी अर्थही सोबत मिळतो. बाकीच्या गुंडाळ्यांचे तुकडे 'लिऑन लेव्ही' या नावाच्या डिजिटल संग्रहात आहेत.

आणि एक चिमुकला तुकडा. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, पत्त्याच्या पानाएवढा एक कपटा आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. योहानाच्या १८व्या अध्यायातल्या, पिलातासमोर येशूची चौकशी चालते तिथल्या काही ओळींचे शब्द त्यावर आहेत. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात, म्हणजे नव्या कराराचा आज हाती असलेला बहुधा सर्वांत जुना तुकडा. 'रायलँड्स पपायरस पी ५२' असं शोधलंस की दोन्ही बाजूंचे फोटो मिळतील. आबाजींनी हा अध्याय किती वेळा वाचून दाखवला असेल! त्यांना हा तुकडा आधी दाखव, बाकीचं नंतर.

छापील जुनं बघायचं तर गुटेनबर्गचं बायबल. जर्मनीतल्या माइन्झ शहरात १४५५च्या सुमारास, लॅटिन भाषेत, बहुतेक पानांवर एका स्तंभात ४२ ओळी. त्याच्या प्रती जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठानं आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं खुल्या केल्या आहेत.

एक गोष्ट ध्यानात ठेव. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला आणि तिची डिजिटल हस्तलिखितं बराच काळ बंद पडली. जुन्या लेखांत दिलेल्या तिथल्या बऱ्याच लिंक त्यामुळे उघडत नाहीत. तसं झालं तर तुझ्या मोबाइलला दोष देऊ नको, तेच हस्तलिखित दुसऱ्या एखाद्या संग्रहात बघ. अमेरिकेत नव्या कराराच्या हस्तलिखितांचे फोटो काढणारं एक केंद्र आहे, सी-एस-एन-टी-एम या अक्षरांनी ते सापडतं, आणि जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठाची अशीच एक 'आभासी हस्तलिखित खोली' आहे. दोन्ही मोफत आहेत.

आता बाबांचं म्हणणं. त्यांची काळजी मला समजते, पण माझं मत उलट आहे. आबाजींना दाखव. ज्या माणसानं ऊन-पावसात सायकल हाकत गावोगाव हे पुस्तक वाचून दाखवलं, त्याच्या मनाला तुम्ही काचेचं समजू नका. जुन्या प्रतींमध्ये फरक आहेत हे खरंय, आणि ते तुला आधी माहीत असलेलं बरं. सिनायटिकसच्या शेवटी 'बर्णबाचं पत्र' आणि 'हर्मासचा मेंढपाळ' ही दोन पुस्तकं आहेत, जी आबाजींच्या बायबलात नाहीत. सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन्हींत मार्काचं शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या वचनावर थांबतं. पण ही काही कुणी दडवलेली भानगड नाही. बायबल छापणाऱ्या संस्थाच अशा जागी कंस करतात, टीप देतात. आबाजींना हे कदाचित आधीच माहीत असेल. तुमच्या यवतमाळात १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. त्या तीस वर्षांत तुमच्या भागातल्या कितीतरी प्रचारकांचं तिथे येणं-जाणं असणार. त्यांना विचार तर खरं. बाबांनाही त्या वेळी जवळ बसव. आबाजींच्या तोंडून उत्तर ऐकलं की त्यांची काळजी जेवढी कमी होईल तेवढी माझ्या पत्रानं होणार नाही.

मात्र खरं सांगू? आबाजींनी ग्रीक मागितलेलं नाही. त्यांना त्यांच्या कानाला ओळखीचं मराठी हवंय. तेव्हा तुझी जास्त मेहनत तिकडे जायला हवी.

मराठीतली छापील बायबलं सुरू होतात बंगालमधून. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी आणि त्याचे साथीदार यांचा छापखाना होता. १८०५ मध्ये तिथून मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत निघालं, १८११ मध्ये नवा करार, आणि पुढे जुना करार टप्प्याटप्प्यानं. केरीनं मराठी कोणाच्या मदतीनं हाताळली, तर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांच्या. आपल्या १८१०च्या मराठी कोशाच्या प्रस्तावनेत त्यानं या पंडितांचे आभार मानले आहेत. याच छापखान्यातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळही मराठीत छापून निघाली, म्हणजे हा इतिहास आपल्या वऱ्हाड-नागपुरापासून वाटतो तेवढा लांब नाही. सेरामपूरनंतर काम मुंबईकडे आलं. अमेरिकन मिशनच्या लोकांनी १८२६ मध्ये नवा करार छापला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतून पूर्ण बायबल निघालं, आणि पुढे बायबल सोसायटीनं ते पुन्हा पुन्हा सुधारून छापलं. पंडिता रमाबाईंची वाट या सगळ्यांहून वेगळी. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत एकटीनं अख्खं बायबल उतरवलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्या मुलींकडून छापून घेतलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. असं काम एका बाईनं आपल्या मातीत केलं, हे शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं होतं.

म्हणून शोधण्याआधी आबाजींची प्रत यातली कोणती ते ओळख. पहिली पानं गेलीत म्हणून निराश होऊ नकोस. बहुतेक बायबलांत मलाखी या जुन्या कराराच्या शेवटच्या पुस्तकानंतर, मत्तयाच्या आधी, नव्या कराराचं वेगळं मुखपृष्ठ असतं. ते पान मधोमध असल्यामुळे वाचतं. त्यावर छापखाना, गाव, साल, संस्था, सगळं असतं. 'ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी' असं दिसलं तर प्रत बहुधा १९४४ पूर्वीची, कारण त्या वर्षी भारतातल्या कामासाठी इथली वेगळी सोसायटी उभी राहिली. 'मुक्ती' किंवा 'केडगांव' दिसलं तर रमाबाईंचं. तेही पान नसेल तर छपाईकडे बघ. 'तें', 'जें', 'कीं', 'त्यानें' असे अनुस्वार ओळीओळीत दिसतात का? शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. ते असतील तर मजकूर त्याआधी जुळवलेला.

साल कळलं की नेमकी नावं मिळवायला एक उत्तम साधन आहे: शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची नोंद तिच्यात आहे, धर्माचा विभाग वेगळा. यवतमाळ किंवा अमरावतीच्या मोठ्या ग्रंथालयात विचार. ग्रंथपालाला नुसतं 'जुनं बायबल' म्हणू नकोस, 'दात्यांची सूची बघायची आहे' म्हण. तो माणूस लगेच खुर्चीवरून उठेल, याची खात्री मी देते. माझं सगळं आयुष्य ग्रंथालयात गेलं आहे.

यानंतर इंटरनेट. तुला काही सापडलं नाही याचं कारण बहुधा एवढंच की तू 'जुनं मराठी बायबल' असं देवनागरीत शोधलंस. या पुस्तकांच्या नोंदी परदेशातल्या ग्रंथालयांनी रोमन लिपीत केल्या आहेत, आणि त्याही ज्या-त्या काळच्या स्पेलिंगनं. केरीच्या १८०५च्या व्याकरणावर आपल्या भाषेचं नाव एम, ए, एच, आर, ए, डबल टी, ए असं छापलंय. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशावर ते एम, यू, आर, ए, टी, एच, डबल ई असं आहे. त्याच कोशाच्या १८५७च्या आवृत्तीवर आजचं स्पेलिंग. तिन्ही स्पेलिंगं घालून शोध. सोबत कधी 'बायबल', कधी 'न्यू टेस्टामेंट', कधी 'गॉस्पेल' इंग्रजीत लिही. 'पवित्र शास्त्र' हेही रोमन अक्षरांत टाकून बघ, कारण मराठी मुखपृष्ठांवर बरेचदा तेच नाव असतं. स्तोत्रांपुरतं हवं असेल तर 'साम्स' शोध. ते स्पेलिंग पी, एस, ए, एल, एम, एस असं आहे, पी अक्षर विसरलीस तर काही मिळणार नाही. स्तोत्रसंहिता वेगळी छापलेली असायची, ती फाइल लहान असते आणि आबाजींची नेमकी तीच पानं गळाली आहेत.

शोधायच्या जागा मुख्य तीन. पहिली, इंटरनेट आर्काइव्ह, पत्ता 'आर्काइव्ह डॉट ऑर्ग'. तिथे डावीकडे भाषा आणि साल निवडायची सोय आहे, भाषा मराठी कर. भारतातल्या जुन्या ग्रंथालयांतली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची पुस्तकंही तिथे आहेत, पण त्यांच्या नोंदी गचाळ. नाव अर्धवट, भाषा चुकीची, साल तर काहीही. म्हणून नावावर जाऊ नको, पुस्तक उघडून दोन पानं बघ. दुसरी, गूगल बुक्स. शोधल्यावर 'फुल व्ह्यू' निवड, नाहीतर नुसती नावंच दिसत राहतील. तिसरी, हाथीट्रस्ट नावाचा अमेरिकन विद्यापीठांचा संग्रह, तिथेही 'फुल व्ह्यू' निवडायचं. काही पुस्तकं तिथे भारतातून उघडत नाहीत, तो त्यांच्याकडच्या कायद्याचा भाग आहे, त्यासाठी डोकं लावत बसू नकोस.

उतरवण्याआधी लिपी बघायची. सेरामपूरच्या बऱ्याच मराठी छपाईत मोडीचा टाइप वापरलेला आहे. आबाजींना मोडी येत असेल तर प्रश्नच मिटला, पण येत नसेल तर तीनशे एमबीची फाइल उतरवून उपयोग शून्य. 'टेक्स्ट' नावाची लहान फाइल तिथे दिसेल, तिच्या मोहात पडू नको. जुनी देवनागरी यंत्राला नीट वाचता येत नाही, सगळी अक्षरं विस्कटून येतात. पीडीएफच घे, आणि ती गच्चीवर उतरवू नकोस. दारव्ह्याला कॉलेजात वायफाय असेल तर तिथे, नाहीतर झेरॉक्सच्या किंवा सेवा केंद्राच्या दुकानात पेनड्राइव्हवर. फक्त स्तोत्रं हवी असतील तर ती पानं ऑनलाइन उघडून स्क्रीनशॉट काढ, डेटा कमी जातो. मग तीच पानं मोठ्या आकारात, ए-थ्री कागदावर छापून घे. ८३ वर्षांच्या डोळ्यांना मोबाइल दाखवून फायदा नाही.

कायद्याचं विचारलंस ते बरं केलंस. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. लेखक किंवा भाषांतरकार गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. एकोणिसाव्या शतकातली बायबलं केव्हाच मोकळी झाली आहेत, रमाबाईंचं भाषांतरही. ती वाचा, छापा, वाटा. मंडळीनं दिलेल्या सध्याच्या बायबलाचे हक्क मात्र बायबल सोसायटी ऑफ इंडियाकडे आहेत. ते 'यूव्हर्जन' अ‍ॅपवर मोफत वाचता येतं, पण छापून वाटता येणार नाही. हस्तलिखितांचे फोटो घरी बघायला, अभ्यासाला खुले आहेत, धंद्यासाठी वापरायचे तर त्या-त्या ग्रंथालयाची परवानगी लागते. प्रत्येक संकेतस्थळावर तसं लिहिलेलं असतं.

आणि आता तुझ्या घरातलं बायबल. शोध चालू राहील, पण ही वाळवी थांबणार नाही, तेव्हा हे काम आजच. जुन्या घरांतल्या बायबलांत कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी केलेल्या असतात. तशा असतील तर आधी त्यांचे फोटो काढ. कुठल्याही आर्काइव्हमध्ये त्या सापडायच्या नाहीत. मग बाकीची पानं. सकाळी ओसरीवर, ऊन थेट पडणार नाही अशा जागी पुस्तक ठेव. फ्लॅश बंद. पुस्तक पूर्ण सपाट उघडू नको, बांधणी तुटेल. दोन्ही बाजूंना घडी केलेल्या चादरी ठेव म्हणजे ते अर्धवट उघडं राहील. एकानं पान धरायचं, दुसऱ्यानं फोटो. काकांना या कामाला लाव. पान फाटलेलं असलं तरी सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरंच खातो. लॅमिनेशन तर अजिबात नाही. वाळवीसाठी पुस्तकावर पावडर फवारू नका. पुस्तक झटकून, मऊ ब्रशनं साफ करून, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवा, आणि पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका, खाली चार विटा लावा. पेटीत सुका कडुनिंबाचा पाला चालतो, पण कापडाच्या बाहेर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघायचं.

फोटो झाले की तेही इंटरनेट आर्काइव्हवर चढवता येतात, खातं मोफत आहे. घरच्या नोंदींची पानं त्यात घालू नकोस, ती तुमची खासगी. बाकीचा मजकूर जुना आणि हक्कमुक्त असल्याची खात्री झाली की मुखपृष्ठाची माहिती, साल, छापखाना नीट भरून चढव, भाषेचं नाव आजच्या स्पेलिंगनं आणि देवनागरीतही लिही. चांदूरला किंवा चिखलदऱ्याला आणखी कुणी नात अशीच शोधत बसलेली असेल, तिला पहिल्याच झटक्यात सापडेल.

इंटरनेटवर ती नेमकी आवृत्ती मिळाली नाही तर दोन ठिकाणी पत्र टाक: पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयाला आणि सेरामपूर कॉलेजातल्या केरी ग्रंथालयाला. पत्रात सगळं बायबल मागू नको. 'अमुक सालच्या प्रतीतली स्तोत्रं अमुक ते अमुक' एवढंच माग, आजोबांसाठी हवीत असं लिही. नेमकं मागणाऱ्याला ग्रंथपाल सहसा परत पाठवत नाहीत.

मलाखीच्या पुढचं ते पान सापडलं की त्याचा स्वच्छ फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठव. छापखाना आणि साल ओळखायला मी मदत करीन, आणि कोणत्या स्पेलिंगनं शोधायचं तेही सांगीन.

– ताई